चित्र कोणाचे आणि जबाबदारी कोणाची?

जानेवारी २००९ मध्ये सय्यद हैदर रझा दिल्लीतील एका कलादालनात स्वतःच्याच चित्रांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनासाठी गेले. भिंतींवरील चित्रे पाहता पाहता त्यांच्या लक्षात आले, की यांतील बहुतेक चित्रे आपण काढलेलीच नाहीत. चित्रांवर सही होती, विषय ओळखीचे होते, पण हात दुसऱ्याचा होता. प्रदर्शन गुंडाळावे लागले. त्या प्रसंगात एक गोष्ट मात्र सुदैवाची होती : ‘हे माझे नव्हे’ असे सांगू शकणारा माणूस तेथे प्रत्यक्ष उभा होता.

आज तो माणूस नाही. गायतोंडे २००१ मध्ये गेले, सूझा २००२ मध्ये, तय्यब मेहता २००९ मध्ये, हुसेन २०११ मध्ये आणि खुद्द रझा २०१६ मध्ये. १९४७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची आणि तिच्या वर्तुळातील चित्रकारांची ती पिढी आता जवळजवळ संपली आहे. साक्षीदार निघून गेले आणि नेमक्या त्याच काळात त्यांच्या चित्रांच्या किमती गगनाला भिडल्या. २०२३ च्या ऑगस्टमध्ये रझांचे एक चित्र ५१.७५ कोटी रुपयांना, त्यापाठोपाठ सप्टेंबरमध्ये अमृता शेरगिल यांचे एक चित्र ६१.८ कोटींना गेले. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात हुसेन यांच्या ‘ग्रामयात्रा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्राने सुमारे ११८ कोटींचा पल्ला गाठला. एवढ्या पैशाच्या मागे बनावट मालही येणार, हे सांगायला ज्योतिषी नको. २०२३ च्या अखेरीस मुंबईत नामवंतांच्या नावावर खपवलेल्या चित्रांबाबत पोलिसांत तक्रार नोंदली गेली, तेव्हा तीत म्हटलेली रक्कम अठरा कोटींच्या घरात होती. आरोप खरे की खोटे ते न्यायालय ठरवील. आपण विचार करायचा तो वेगळ्या प्रश्नाचा. असा वाद न्यायालयात पोहोचलाच, तर न्यायाधीशाच्या हाती कोणता कायदा आहे?

उत्तर असे, की १८७२ चा भारतीय संविदा अधिनियम आणि १९३० चा मालविक्री अधिनियम. दोन्ही कायदे उत्तम आहेत. त्यांची घडण इतकी भक्कम, की इतका काळ लोटला तरी ते वाकलेले नाहीत. परंतु ते कापसाच्या गाठी, धान्याची पोती आणि यंत्रसामग्री डोळ्यांसमोर ठेवून रचले गेले. गव्हाच्या पोत्यात गहू आहे की नाही, हे पोते उघडले की कळते. चित्राचे पोते कधी उघडतच नाही. ते चित्र कोणाचे, यावर त्याच्या किमतीचा नव्याण्णव टक्के डोलारा उभा असतो आणि नेमकी तीच गोष्ट चित्राकडे पाहून खात्रीने सांगता येत नाही. म्हणून कलाव्यवहारातील बहुतेक सारे तंटे अखेर दोनच प्रश्नांवर येऊन ठेपतात. विक्रेत्याने ‘हे अमक्याचे चित्र’ असे म्हटले, ते वचन होते की मत? आणि ते म्हणणारा स्वतःसाठी बोलत होता की दुसऱ्या कोणाच्या वतीने?

पहिला प्रश्न आधी घेऊ. मालविक्री अधिनियमाच्या कलम १५ नुसार वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे, ही गर्भित शर्त आहे. मग पावतीवर ‘रझा, १९७२’ असे लिहिले, तर ते वर्णन झाले की नाही? सामान्य माणूस म्हणेल, अर्थातच झाले. कायदा इतका सरळ चालत नाही. आपला १९३० चा अधिनियम इंग्रजी कायद्याच्या साच्यातून निघालेला असल्याने तेथील निवाडे आपल्याकडेही वाट दाखवतात, आणि त्या वाटेवर खाचखळगे आहेत.

१९४४ मध्ये एका इंग्रज ग्राहकाने सॉल्सबरी कॅथेड्रलचे चित्र ८५ पौंडांना घेतले. विक्रेत्याने ते कॉन्स्टेबलचे म्हणून दिले होते. पाच वर्षांनी ते विकायला काढले, तेव्हा कळले की ते कॉन्स्टेबलचे नाही. ग्राहकाने व्यवहार रद्द करून पैसे परत मागितले. १९५० मध्ये अपील न्यायालयाने ते नाकारले. चित्र स्वीकारून पाच वर्षे लोटली, आता व्यवहार मोडता येणार नाही, असा निर्णय झाला. नुकसानभरपाईचा मार्ग निराळा होता, पण ती त्याने मागितलीच नव्हती. आपल्या अधिनियमाचे कलम १३ हेच सांगते : एकदा माल स्वीकारला, की शर्तीचा भंग हा केवळ हमीचा भंग मानला जातो, माल परत करता येत नाही, फक्त भरपाई मागता येते. तीही सर्वसाधारणपणे करारभंगापासून तीन वर्षांच्या मुदतीत. कपट किंवा चूक झाली असेल, तर ती उघडकीस आल्यापासून मुदत मोजण्याची सोय मुदत अधिनियमात आहे, परंतु तो भार पेलणे सोपे नाही. चित्र घरातल्या भिंतीवर वीस वर्षे टांगलेले असते. शंका येते ती विकायला काढल्यावर किंवा वारसांनी मूल्यांकन करून घेतल्यावर. चित्राचे आयुष्य आणि कायद्याची मुदत यांचा मेळ बसत नाही.

दुसरा निवाडा आणखी बोलका आहे. १९८४ मध्ये लंडनमधील एका चित्रविक्रेत्याने गाब्रिएल म्युन्टर या जर्मन चित्रकर्त्रीचे म्हणून एक चित्र ६,००० पौंडांना दुसऱ्या विक्रेत्याला विकले. विकणाऱ्याने आपल्याला या चित्रांतले काही कळत नाही, असे आधीच सांगितले होते. घेणारा मात्र जर्मन अभिव्यक्तिवादाचाच व्यापार करणारा होता. चित्र बनावट निघाले. न्यायालयाने बहुमताने म्हटले, की ग्राहक विक्रेत्याच्या शब्दावर विसंबलाच नव्हता, म्हणून ही वर्णनावरून झालेली विक्री नव्हे. दोन व्यापाऱ्यांमध्ये हा न्याय ठीक आहे. पण हेच तत्त्व सैल हाताने वापरले, तर ‘मला यातले फारसे कळत नाही’ हे वाक्य प्रत्येक विक्रेत्याचे चिलखत होईल. संविदा अधिनियमाच्या कलम २० चा आधार घ्यावा, तर त्याचे स्पष्टीकरण सांगते की वस्तूच्या मूल्याविषयीचा चुकीचा समज ही वस्तुस्थितीविषयीची चूक नव्हे. चित्रकाराचे नाव ही वस्तुस्थिती की मूल्याविषयीचे मत? प्रत्येक खटल्यात हा वाद नव्याने घालावा लागेल.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते तो अधिक गंभीर आहे. कलेच्या बाजारात विकणारा क्वचितच मालक असतो. मालक एक, त्याचा दलाल दुसरा, कलादालन तिसरे, लिलावगृह चौथे, ग्राहकाचा सल्लागार पाचवा. आणि पुष्कळदा यांतील कोण कोणासाठी काम करतो, हे ग्राहकाला शेवटपर्यंत समजत नाही. गोपनीयता ही या धंद्याची रीत आहे. प्रतिष्ठित घराण्याला चित्र विकायची पाळी आली, हे चारचौघांत कळू नये, हा तिचा सभ्य हेतू. बनावट चित्राचा माग लागू नये, हाही तिचा परिणाम.

या बाबतीत फ्रान्स हाल्स याच्या नावावर खपलेल्या एका पुरुषाच्या व्यक्तिचित्राचा खटला आपल्या धोरणकर्त्यांनी वाचावा असा आहे. हे चित्र फ्रान्समध्ये राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित झाले होते आणि लूव्र संग्रहालयाला ते हवे होते. ती खरेदी झाली नाही. पुढे लंडनच्या एका चित्रविक्रेत्याने फेअरलाइट या गुंतवणूक कंपनीच्या भागीदारीत ते घेतले आणि २०११ मध्ये सदबीज् या लिलावगृहामार्फत १.०७५ कोटी डॉलरना एका अमेरिकी संग्राहकाला विकले. २०१६ मध्ये रासायनिक तपासणीत सतराव्या शतकातील म्हणवल्या जाणाऱ्या या चित्रात विसाव्या शतकातील रंगद्रव्ये सापडली. सदबीज्‌ने करारातील अस्सलपणाच्या हमीनुसार ग्राहकाला सारी रक्कम परत केली आणि विक्रेत्यांकडे ती मागितली. चित्रविक्रेत्याच्या कंपनीने जबाबदारी मान्य न करता ४२ लाख डॉलर देऊन तडजोड केली. फेअरलाइटचे म्हणणे मात्र असे, की आम्ही केवळ पैसा गुंतवला, करारावर आमचे नाव नाही, तेव्हा आम्ही या करारात पक्षकारच नाही. २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने आणि २०२० मध्ये अपील न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. विक्रेता स्वतःबरोबर भागीदाराच्या वतीनेही करार करत होता, म्हणून भागीदारावरही तो बंधनकारक. फेअरलाइटला तिच्या वाट्याचे सुमारे ५४ लाख डॉलर भरावे लागले.

या निवाड्यातली मर्माची गोष्ट अशी, की चित्र खरोखर हाल्सचे आहे की नाही, हे न्यायाधीशांनी ठरवलेच नाही. करारात लिहिले होते की लिलावगृहाने चित्र बनावट असल्याचे ठरवल्यास व्यवहार उलटवता येईल. लिलावगृहाने तो निर्णय वाजवीपणे घेतला का, एवढेच न्यायालयाने तपासले. कलेतिहासाचा न सुटणारा प्रश्न कराराच्या सुटणाऱ्या प्रश्नात रूपांतरित झाला. न्यायाधीशाला कलासमीक्षक व्हावे लागले नाही. चांगल्या कायद्याचे काम हेच असते.

आपल्याकडे काय आहे? संविदा अधिनियमाच्या कलम २३० नुसार अभिकर्ता सामान्यतः स्वतः जबाबदार नसतो. पण त्याने आपल्या मूळ धन्याचे नाव उघड केले नसेल, तर तो स्वतः बांधील आहे असे गृहीत धरले जाते. कलम २३३ ग्राहकाला अभिकर्ता, मूळ धनी किंवा दोघांवरही दावा लावू देते. कलम २१५ आणि २१६ सांगतात, की धन्याच्या नकळत अभिकर्त्याने स्वतःच्याच हिशेबात व्यवहार केला, तर धनी तो मोडू शकतो किंवा त्यातला नफा मागू शकतो. दीडशे वर्षांपूर्वीची ही कलमे आजच्या कलाबाजारासाठीच लिहिली असावीत, असे वाटावे इतकी ती नेमकी आहेत. अडचण एवढीच, की कलम २३० मधील गृहीतक करारातील एका ओळीने पुसता येते, आणि विक्रीच्या छापील अटींत ती ओळ कोण घालतो, हे सांगायला नको. फाइलच्या शेवटच्या पानावरची बारीक टीप मुख्य टिपणीवर मात करते, हे शासकीय कचेरीत आयुष्य काढलेल्या कोणालाही ठाऊक असते.

अन्याय केवळ ग्राहकावरच होतो असेही नाही. १९६८ मध्ये एका फ्रेंच दांपत्याने घरचे जुने चित्र बोलोन्या परंपरेतील म्हणून २,२०० फ्रँकला विकले. सरकारने अग्रहक्क वापरून ते घेतले आणि लूव्रमध्ये ते पूसँ या महान चित्रकाराचे म्हणून झळकले. दांपत्य न्यायालयात गेले. वीस वर्षांच्या जवळपास चाललेल्या लढाईनंतर चुकीच्या समजुतीमुळे ती विक्रीच रद्द झाली. इंग्लंडमध्ये याच्या उलट घडले. २००६ मध्ये ‘पत्त्यातले ठक’ या विषयावरील एक चित्र काराव्हाजोच्या अनुयायाचे म्हणून ४२,००० पौंडांच्या बोलीला गेले; घेणाऱ्या विद्वानाने ते खुद्द काराव्हाजोचे असल्याचे जाहीर केले. मूळ मालकाने लिलावगृहावर निष्काळजीपणाचा दावा केला आणि २०१५ मध्ये तो हरला. आपल्या एखाद्या जुन्या वाड्यात, हवेलीत किंवा ओव्हरीत धूळ खात पडलेले चित्र काही हजारांत उचलून नेले जाते, तेव्हा त्या कुटुंबाच्या बाजूने उभे राहणारा कायदा कोणता? अभिकर्त्याने कौशल्य आणि तत्परता दाखवली पाहिजे, हे कलम २१२ सांगते. पण चित्र नेणारा आपला अभिकर्ता होता की सरळ खरेदीदार, हेच त्या कुटुंबाला सिद्ध करता येत नाही.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. ही श्रीमंतांची दुखणी आहेत. पन्नास कोटींचे चित्र घेणाऱ्याने चांगला वकील करावा, शासनाने त्यात का पडावे? आक्षेप वजनदार आहे, पण शासन या बाजारात आधीच पडलेले आहे. २००७ च्या वित्त अधिनियमापासून चित्रे ही ‘वैयक्तिक वापराच्या वस्तू’ राहिली नाहीत. त्यांच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागतो. वस्तू व सेवा कर आहेच; तो सप्टेंबर २०२५ मध्ये बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आणला गेला. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार रवींद्रनाथ, रविवर्मा, शेरगिल, जामिनी रॉय यांच्यासह नऊ चित्रकारांची चित्रे देशाबाहेर नेता येत नाहीत. मार्च २०१९ मध्ये तर प्राप्तिकर विभागाने एका फरारी हिरे व्यापाऱ्याच्या संग्रहातील चित्रे लिलावात काढून पन्नास कोटींहून अधिक रक्कम वसूल केली. शासन स्वतः विक्रेत्याच्या खुर्चीत बसले. कर घेताना चित्र ही मालमत्ता, निर्यात रोखताना राष्ट्रीय ठेवा, आणि फसवणूक झाली की मात्र खासगी शौक, ही तिहेरी भूमिका न टिकणारी आहे.

शिवाय बनावट चित्र केवळ ग्राहकाचा खिसा कापत नाही, ते इतिहास नासवते. कोलकात्याच्या शासकीय कला महाविद्यालयात २०११ मध्ये रवींद्रनाथांची म्हणून चित्रे मांडली गेली आणि ती बनावट असल्याच्या आरोपावरून प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयापर्यंत गेले. अशी चित्रे ग्रंथांत छापली जातात, विद्यार्थी त्यांवरून शैलीचा अभ्यास करतात, आणि पुढच्या बनावट चित्राला मागच्या बनावट चित्राचा पुरावा मिळतो. खोट्या ताम्रपटांनी इतिहासकारांना किती छळले, हे इतिहासाच्या अभ्यासकाला सांगायला नको. खोट्या चित्रांचे तसेच आहे.

विज्ञान हा प्रश्न सोडवील, अशीही आशा काहींना वाटते. हाल्सच्या चित्रात तसे घडले, कारण सतराव्या आणि विसाव्या शतकांतील रंग वेगळे होते. भारतीय आधुनिकांच्या बाबतीत अडचण अशी, की १९७० च्या दशकातील रंग आणि कॅनव्हास आजच्या नकलाकारालाही बहुतांशी उपलब्ध आहेत. जामिनी रॉय यांनी तर पटुआंच्या परंपरेला अनुसरून कार्यशाळेची पद्धत जाणीवपूर्वक स्वीकारली होती; तेथे ‘कोणाचा हात’ हा प्रश्नच गुंतागुंतीचा होतो. म्हणून आपल्या काळातील चित्रांसाठी खरा पुरावा प्रयोगशाळेत नाही. तो कागदात आहे. चित्र चित्रकाराच्या घरातून कधी निघाले, कोणत्या प्रदर्शनात लागले, कोणी घेतले, कोणत्या पावतीवर, ही साखळी म्हणजेच चित्राचा सातबारा. आणि मधल्या दलालांची नावे झाकण्याची रीत नेमकी हीच साखळी तोडते. अस्सलपणाचा आणि अभिकरणाचा हे दोन प्रश्न येथे एक होतात.

मग करावे काय? नवे मंत्रालय नको, परवान्यांचे नवे राज्य तर मुळीच नको. लहानसा, नेमका कायदा पुरेल, आणि त्याचे नमुने जगात आहेत. पहिली गोष्ट, शब्दांचे अर्थ कायद्याने ठरवावेत. फ्रान्सने १९८१ च्या एका आदेशाने हे केले : ‘अमक्याचे’, ‘अमक्याचे मानले गेलेले’, ‘अमक्याच्या परंपरेतील’ या प्रत्येक शब्दप्रयोगाने विक्रेता किती बांधला जातो, हे तेथे लिहून ठेवले आहे. दुसरी, व्यापारी विक्रेत्याने सामान्य ग्राहकाला दिलेले अस्सलपणाचे प्रमाणपत्र हे मत नव्हे, स्पष्ट हमी मानावी. न्यूयॉर्क राज्याचा कायदा असेच मानतो. मोठी लिलावगृहे पाच वर्षांची मर्यादित हमी स्वतःहून देतात. ती किमान मर्यादा म्हणून सर्वांना लागू करण्यात कोणाचे नुकसान नाही.

तिसरी, पावतीवर विक्रेता मालक आहे की अभिकर्ता, आणि तो दोन्ही बाजूंकडून मोबदला घेतो काय, हे लिहिणे बंधनकारक असावे. मालकाचे नाव जाहीर करायचे नसेल तर करू नये. पण मग अभिकर्त्याने जबाबदारी स्वतः घ्यावी, आणि छापील अटींनी ती झटकता येऊ नये. गोपनीयता हवी असेल तर तिची किंमत मोजावी. चौथी, चित्रकाराने कलादालनाकडे विक्रीसाठी ठेवलेले चित्र आणि विक्रीची रक्कम ही विश्वस्त निधी समजावी, म्हणजे दालन बुडाले तरी चित्रकार बुडणार नाही. न्यूयॉर्कमध्ये हीही तरतूद आहे. पाचवी, सद्‌भावनेने आणि व्यवहारात हितसंबंध न ठेवता मत देणाऱ्या तज्ज्ञाला दाव्यांपासून संरक्षण मिळावे. अमेरिकेत अँडी वॉरहॉलच्या चित्रांचे प्रमाणीकरण करणारे मंडळ खटल्यांच्या खर्चाला कंटाळून २०१२ मध्ये बंद झाले. जाणकार गप्प बसले, की बाजार ठगांच्या हाती जातो.

येथे महाराष्ट्राची जबाबदारी विशेष आहे. संविदा आणि अभिकरण हे विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहेत. दिल्लीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. केंद्रीय कायद्याशी विसंगती येईल तेथे राष्ट्रपतींची संमती घेऊन राज्याला स्वतःचा कायदा करता येतो. देशातील प्रमुख लिलाव मुंबईत होतात, आणि ज्या चित्रकारांच्या नावाने बनावट माल खपतो, त्यांतील कितीतरी जण याच शहरात घडले. त्यांची जुनी प्रदर्शन-पत्रके, निमंत्रणे आणि विक्रीच्या वह्या अजून काही घरांत आणि दालनांत शिल्लक आहेत. त्यांचे अंकीकरण करून ती अभ्यासकांना खुली करण्याचा खर्च एका मध्यम प्रतीच्या चित्राच्या किमतीहून अधिक येणार नाही.

रझांनी दिल्लीत जे केले, ते कोणत्याही कायद्याला करता येणार नाही. चित्रकाराची नजर कलमात उतरत नाही. पण ती नजर नसताना, ज्याने नाव सांगून पैसे घेतले त्याला आपल्या शब्दाला बांधून ठेवणे कायद्याला नक्कीच जमते. १८७२ आणि १९३० च्या कायदेकर्त्यांनी आपल्या काळातील बाजार नीट पाहिला आणि त्याला साजेसे नियम केले. आपल्या काळातील बाजार पाहण्याचे काम आपले आहे.